एक्स्परिमेंटल फिल्म बघितली, काहीच कळलं नाही, आता काय बघू?

ताई, मी कराडची, वय २२. बी.कॉम. झालं आणि आता इथल्याच एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, सीझनमध्ये रात्री अकरा-बारापर्यंत बसावं लागतं. मला स्वतःच्या फिल्म करायच्यात. फोनवर दोन शॉर्टफिल्म केल्या, एक ‘पाणी वाचवा’वर आणि एक शेवटी ट्विस्ट असलेली, पाच-सहा ठिकाणी पाठवल्या, कुठंच लागल्या नाहीत. एका वर्कशॉपमधले सर म्हणाले आधी एक्स्परिमेंटल शॉर्टफिल्म बघ, मग कॅमेरा हातात घे. मी एक शोधून बघितली, जुनी ब्लॅक अँड व्हाईट, त्यात एक बाई सारखी तोच जिना चढते, किल्ली आहे, सुरी आहे आणि काळ्या कपड्यातलं कोणीतरी आहे ज्याला तोंडाच्या जागी आरसा आहे. दोनदा बघितली, काहीच कळलं नाही. तेव्हापासून वाटायला लागलंय की हे आपलं काम नाही, हे पुण्या-मुंबईच्या लोकांचं. मी कुठल्या फिल्म बघू, त्यांचा अर्थ कसा लावायचा, आणि माझ्याकडे ना नट ना पैसे, तर नक्की करू काय? अजून एक, एका ऑनलाईन फेस्टिवलचा मेल आलाय, सोळाशे रुपये फी भरली तर ‘बेस्ट डेब्यू’साठी विचार करू म्हणतात. भरू का?

— कराडची एडिटर

अगं एडिटर,

तू बघितलीस ती ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’, १९४३ सालची. माया डेरेन आणि तिचा नवरा अलेक्झांडर हॅमिड या दोघांनी लॉस एंजेलिसमधल्या आपल्या राहत्या घरात १६ एमएमच्या छोट्या फिल्मच्या रिळावर केलेली, जेमतेम १४ मिनिटांची. ती बाई म्हणजे डेरेन स्वतःच, आणि त्यात पुढं येणारा माणूस म्हणजे हॅमिड. म्हणजे नट नाहीत, सेट नाही, घर आपलं, कॅमेरा आपला. हॉलीवूड लिपस्टिकवर जेवढे पैसे उडवतं तेवढ्यात मी माझा सिनेमा करते असं ती म्हणायची, तर ‘ना नट ना पैसे’वाल्यांमध्ये तू एकटी नाहीस हे आधी डोक्यात पक्कं कर.

सरांनी अगदी बरोबर सांगितलं, फक्त असली फिल्म कशी बघायची ते सांगायचं राहिलं आणि सगळा घोळ तिथंच झाला. तू अर्थ शोधत बसलीस. किल्ली म्हणजे काय, सुरी म्हणजे काय, आरसा म्हणजे काय. शाळेत कवितेखाली ‘कवीला काय म्हणायचे आहे’ असा प्रश्न असायचा त्याची ही सवय आहे, आपल्या सगळ्यांनाच आहे, आणि उत्तर नाही आलं की आपण नापास असं वाटतं. तो प्रश्न सध्या बाजूला ठेव. तू रोज टाइमलाईनवर बसतेस ना, मग एडिटरसारखी बघ. मी तुला एकच प्रश्न देते, असली कुठलीही फिल्म बघताना तो विचारायचा: या माणसानं काय सोडून दिलंय, आणि जे सोडलं त्याच्या जागी काय आलंय?

म्हणजे बघ, नेहमीच्या पिक्चरमध्ये गोष्ट असते, नट असतात, डायलॉग असतात, गाणं असतं, चित्र हलतं, आवाज चित्राला जुळतो, हे सगळं आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की त्यातलं एकेक काय काम करतं ते आपल्याला दिसतच नाही. एक्स्परिमेंटल फिल्मवाल्यांनी त्यातलं एखादं मुद्दाम काढून टाकलं. मग उरलेल्यावर सगळा भार येतो आणि ते उरलेलं किती ताकदीचं आहे ते कळतं. शिकणाऱ्यासाठी याच्याइतकी चांगली शाळा मला तरी दुसरी माहीत नाही, म्हणून मी हे इतकं जीव तोडून सांगतेय.

आता ‘मेशेस’ परत लाव. गोष्ट पुढं जाणं हेच तिनं सोडलंय, तीच दुपार परत परत येते, प्रत्येक वेळी थोडी बदलून. आता एक जागा नीट बघ. शेवटाकडे तीन माया एका टेबलाशी जमतात, त्यातली तिसरी सुरी घेऊन उठते आणि चालायला लागते झोपलेल्या स्वतःकडे. तिच्या पायांचा शॉट आहे. एक पाऊल समुद्राच्या वाळूत, पुढचं मातीत-गवतात, मग फरसबंदीवर, मग घरातल्या गालिच्यावर. चार-पाच पावलं फक्त. पण त्या पावलांमध्ये ती जगाच्या दुसऱ्या टोकावरून खुर्चीपर्यंत येते असं वाटतं. आणि हा कट कुठला आहे? हळदीत मागं वळायला लागलेली नवरी मांडवात शालू नेसून पूर्ण वळते तो कट तू आजवर किती वेळा मारला असशील सांग बरं, अगदी तोच आहे, हालचालीवर कट. अवजार तेच, तू ते कपडे बदलायला वापरतेस, तिनं जागा उडवून टाकायला वापरलं. तुला काही कळलं नाही म्हणतेस, अगं तुझ्या हाताला ते आधीच येतंय.

आणि हो, ही फिल्म मुळात मूक होती, त्यावरचं तेइजी इतोचं संगीत १९५९ मध्ये नंतर चढवलंय. नेटवर हिच्या कॉपीवर कुणीही आपापल्या बँडचं म्युझिक टाकून ठेवलंय, तसलं बघितलं असशील तर ते विसर. एकदा इतोच्या संगीतासकट आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून बघ. डेरेनची ‘अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा’ पण बघून टाक, १९४५ ची, अगदी दोन-तीन मिनिटांची आहे, टॅली बीटी नावाचा नर्तक जंगलात पाय उचलतो आणि तो पाय खोलीत येऊन टेकतो, तो वाळूतल्या पावलांचाच धागा आहे.

आता तुझ्या ‘ना नट ना पैसे’ला खरं उत्तर. जॉन स्मिथची ‘द गर्ल च्युइंग गम’, १९७६, बारा मिनिटं. लंडनच्या डाल्स्टन भागातला एक साधा चौक, ब्लॅक अँड व्हाईट, माणसं येतायत जातायत, गाड्या जातायत. वरून एका डायरेक्टरचा आवाज येतो. तो सांगतो आता म्हातारबाबांनी इकडून जा, आणि म्हातारबाबा जातात. आता मुलीनं पळत यायचं, मुलगी पळत येते. तू म्हणशील वा, किती छान नियोजन. मग तो कबुतरांना हुकूम देतो. मग कॅमेरा वर घड्याळाकडे जातो आणि तो घड्याळाच्या काट्यांना सांगतो तासाला एक फेरी मारा. तिथं तुझी ट्यूब पेटते की हा माणूस काही सांगतच नव्हता, रस्ता आपापला चालू होता, आवाज नंतर बसून टाकलाय! पण गंमत अशी की हे कळल्यावरसुद्धा जादू जात नाही, तुझा मेंदू अजून त्या आवाजाचंच ऐकत राहतो. पाठीमागं कुठलासा अलार्म सारखा वाजतोय, पुढं एक माणूस दिसतो आणि आवाज आपल्याला सांगतो की हा आत्ताच पोस्ट ऑफिस लुटून आलाय, आणि बिचारा खिशात हात घालून चाललेला माणूस आपल्याला चोर वाटायला लागतो. पुढं तो आवाज म्हणतो मी इथं नाहीच, मी पंधरा मैल लांब एका शेताच्या कडेला माइकमध्ये बोलतोय, आणि शेवटी ते शेतही दिसतं.

काय सोडलं? नट, सेट, पटकथा, सगळं. काय उरलं? रस्त्याचं फुटेज आणि नंतर टाकलेला आवाज. स्मिथ तेव्हा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत होता, म्हणजे तुझ्यासारखाच शिकाऊ, तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. डॉक्युमेंटरीतलं निवेदन, बातम्यांमधलं निवेदन, अगदी तुमच्या लग्नाच्या व्हिडिओवरचं ‘दोन कुटुंबांचं मनोमिलन’वालं निवेदन, हे सगळं आपल्याला काय बघायचं ते कसं भाग पाडतं हे या बारा मिनिटांत जितकं कळतं तितकं मोठमोठ्या पुस्तकांतून कळायला वेळ लागतो. या सगळ्या यादीतली एकच बघायची झाली तर ही बघ.

आणि तुझ्यासाठी याच्यावर एक रियाज आहे. घरी आई-बाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट असेल, कपाटात वर कुठंतरी. स्टुडिओत जुना व्हीसीआर असला तर तिथंच कॉम्प्युटरवर घे, नाहीतर साताऱ्यात-पुण्यात करून मिळतं. त्यातले दोन सलग मिनिटं निवड, कट न करता, आणि डायरेक्टर होऊन वरून हुकूम दे. आता अंतरपाट धरलेल्या काकांनी जांभई द्यायची. आता त्या पोरानं अक्षता समोरच्याच्या कॉलरमध्ये टाकायच्या. मामा, अजून हार द्यायचा नाही, थांबा, आता द्या. आणि मग हळूच एक वाक्य असं टाक जे कॅसेटमध्ये दिसत नाही पण तुला माहितीय, आई त्या वेळी कशाचा विचार करत होती, किंवा त्या मांडवात कोण यायला हवं होतं आणि आलं नाही. आईला विचार, ती सांगेल. फुकटात होणारी फिल्म आहे ही आणि कराडमध्ये बसून तूच करू शकतेस अशी.

फुटेज दुसऱ्यानं काढलेलं चालतं का, तर १९५८ मध्ये ब्रूस कॉनर नावाच्या माणसानं ‘अ मूव्ही’ केली, बारा मिनिटं, त्यात स्वतः शूट केलेलं जवळपास काही नाही, सगळी जुनी न्यूजरील, काउबॉय पिक्चरचे तुकडे, अपघात, बुडणारी जहाजं. पाणबुडीतला एक माणूस पेरिस्कोपला डोळा लावतो, कट, बिकिनीतली बाई पोझ देतेय, कट, टॉर्पेडो सुटतो. तीन वेगवेगळ्या पिक्चरचे तीन तुकडे आणि एक नवीनच गोष्ट. आधी हसू येतं, नंतर नंतर स्फोट आणि प्रेतं येऊ लागतात तसं हसू जातं. ही बघितल्यावर स्टुडिओच्या हार्डडिस्कवरच्या रशेसकडे तुझं लक्ष जाणार हे मला माहितीय म्हणून आत्ताच सांगते, ते फुटेज गिऱ्हाइकाचं आहे, विचारल्याशिवाय एक फ्रेमही वापरायची नाही, मालकालाही आणि त्या घरालाही विचारायचं, लेखी घेतलेलं बरं. कुणाच्या तरी घरचं रडणं आहे त्यात.

मग क्रिस मार्करची ‘ला जेते’, १९६२, फ्रेंच, २८ मिनिटं, सबटायटल्सवर बघ. यानं चित्राचं हलणंच सोडलं. सगळी फिल्म स्थिर फोटोंची, वर एक निवेदन, मागं विमानतळाचे आवाज, कुजबुज, हृदयाचे ठोके. गोष्ट मात्र आहे, आणि कसली आहे! तिसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या जमिनीखाली राहणारी माणसं एका कैद्याला भूतकाळात पाठवतात, कारण लहानपणी ओर्ली विमानतळावर बघितलेला एका बाईचा चेहरा त्याच्या मनात इतका घट्ट बसलाय की तो धरून तो मागं जाऊ शकेल. यावरूनच पुढं १९९५ मध्ये हॉलीवूडची ‘ट्वेल्व्ह मंकीज’ झाली, एवढ्या मोठ्या बजेटची, पण माझं मन या फोटोंवरच. मध्ये एक जागा येते, ती बाई झोपलीय, फोटो एकात एक विरघळतात, पाखरांचा आवाज वाढत वाढत जातो, आणि अचानक ती डोळे उघडते. खरेच उघडते, हलतं चित्र, काही सेकंद फक्त, अख्ख्या फिल्ममध्ये एवढाच हलता शॉट. अंगावर काटा येतो. एका पापणीच्या हालचालीची किंमत किती असू शकते हे बघायला तोपर्यंतची सगळी स्थिरता लागते. तुमच्याकडे प्रत्येक शॉटला गिंबल, प्रत्येक शॉटला स्लो-मोशन, दर दहा सेकंदाला ड्रोन, म्हणून मग कुठलाच शॉट लक्षात राहत नाही. एखाद्या हायलाईटमध्ये सगळं स्थिर ठेव आणि फक्त पाठवणीच्या वेळी एकदाच हलव, मालक ओरडला तर आपल्यापुरती वेगळी एक्स्पोर्ट मार.

दोन अगदी छोट्या. हॉलिस फ्रॅम्प्टनची ‘लेमन’, १९६९, सात मिनिटं, एक लिंबू आणि त्यावरून हळूहळू सरकणारा उजेड. बास. आवाज नाही. पहिली दोन मिनिटं तू वैतागशील, मोबाईल उचलावासा वाटेल, उचलू नकोस. नंतर कधीतरी ते लिंबू डोंगर होतं, चंद्र होतं, शेवटी नुसती काळी आकृती उरते. उजेड म्हणजे काय ते शिकायला कोर्स लावू नकोस, घरात लाईट घालवून, लिंबू टेबलावर ठेवून, फोन डब्याला टेकवून दुसऱ्या फोनचा टॉर्च हळूहळू फिरव. दुसरी स्टॅन ब्रॅकेजची ‘मॉथलाईट’, १९६३, तीन-चार मिनिटं, यानं तर कॅमेराच सोडला. दिव्यावर येऊन मेलेल्या पतंगांचे पंख, गवताची पाती, पानांचे तुकडे पारदर्शक टेपच्या दोन पट्ट्यांमध्ये चिकटवले आणि त्याची लॅबमध्ये प्रिंट काढली. पडद्यावर ते पंख परत फडफडतात. ही पण मूक आहे, त्यावर म्युझिक ऐकू आलं तर ती कॉपी बंद कर.

हे सगळं परदेशातलं झालं आणि तुला वाटतंय हे पुण्या-मुंबईच्या लोकांचं, तर आता सरकारी खात्याकडे ये. फिल्म्स डिव्हिजन, डॉक्युमेंटरी काढणारं सरकारचं खातं होतं ते. तुझ्या आई-बाबांना विचार, पिक्चरच्या आधी थेटरात सक्तीनं डॉक्युमेंटरी लागायची, लोक तेवढ्यात बाहेर जाऊन वडापाव खाऊन यायचे. त्याच फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ज्याँ भावनगरी सल्लागार म्हणून आले आणि त्यांनी तिथल्या लोकांना मोकळं सोडलं, तेव्हा पेडर रोडवरच्या त्या ऑफिसातून असल्या काही फिल्म निघाल्या की आज बघताना विश्वास बसत नाही यावर सरकारी शिक्का आहे म्हणून.

प्रमोद पतींची ‘एक्सप्लोरर’ बघ, १९६८, सात मिनिटं, निवेदन नाही, नाचणारी पोरं, प्रयोगशाळा, पूजा, मंत्र, सगळं एकमेकांवर आपटतं, झूम आत झूम बाहेर, विजय राघव राव यांचा विचित्र साउंडट्रॅक. ही साध्या थेटरात लागायची, कल्पना कर. प्रमोद पती प्रागला जाऊन यिरी त्रन्का या पपेट ॲनिमेशनच्या उस्तादाकडे शिकून आले होते आणि ते शिक्षण त्यांनी जिवंत माणसांवर वापरलं. ते बघायला ‘आबिद’ बघ, १९७२, पाचेक मिनिटांची, चित्रकार आबिद सुरती, तेच ते ‘धर्मयुग’ या हिंदी साप्ताहिकातल्या ढब्बूजी व्यंगचित्रांवाले, एका खोलीत भिंती-जमीन सगळं रंगवत सुटतात, पण माणूस चालत नाही, सरकतो, उडतो, रंगातून उगवतो. याला पिक्सिलेशन म्हणतात, एक फ्रेम काढायची, माणसानं जरासं हलायचं, परत एक फ्रेम. फोनवर स्टॉप-मोशनचं कुठलंही फुकट ॲप घे, सेकंदाला १२ फोटो धरले तर एका मिनिटाला ७२० फोटो, एका रविवारी दोन मैत्रिणी मिळून होतं. फक्त एक्स्पोजर आणि फोकस लॉक कर आणि खिडकी बंद कर, नाहीतर ढग आला-गेला की चित्र लुकलुकतं.

एस. एन. एस. शास्त्रींची ‘अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स’ पण १९६८ चीच, सोळा मिनिटं. शॉर्टफिल्म करणारा माणूस स्वतःलाच विचारतोय की मी हे कशासाठी करतो, कुणासाठी करतो, आणि मधेमधे कामाचे तुकडे, गप्पा, चित्रविचित्र शॉट. कट कसे मारलेत ते बघ, आवाज एकीकडे आणि चित्र दुसरीकडे चाललंय आणि तरी दोन्ही मिळून बोलतायत. एडिटर म्हणून ही तुला सगळ्यात जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

एम. एफ. हुसेन, आपल्या पंढरपुरात जन्मलेले, मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलेले, त्यांनी १९६७ मध्ये राजस्थानात जाऊन ‘थ्रू द आईज ऑफ अ पेंटर’ केली. छत्री, कंदील, बूट, बकरी, किल्ल्याच्या भिंती, गोष्ट नाही. तिला बर्लिनच्या फिल्म फेस्टिवलला शॉर्टफिल्मचं गोल्डन बेअर मिळालं. तुला यातून इतकंच घ्यायचंय की एक वस्तू वेगवेगळ्या जागी नेऊन ठेवली की ती काय काय होते. मणी कौल यांची ‘अरायव्हल’, १९८०, वीसेक मिनिटांची, मुंबईत येणारा माल आणि मुंबईत येणारी माणसं, भाजी, फुलं, जनावरं, कामाची वाट बघत उभे असलेले मजूर, सगळ्यांकडे कॅमेरा एकाच नजरेनं बघतो, आणि तीच तिची धार आहे. कत्तलखान्याचे शॉट आहेत, जेवताना बघू नकोस. यातल्या बऱ्याच फिल्म फिल्म्स डिव्हिजनच्या यूट्यूब चॅनलवर टाकलेल्या आहेत, फुकट, आधी तिथंच शोध.

मराठी कानासाठी दोन सांगते. पायल कपाडियांचं नाव २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिवलला ग्रां प्री हे बक्षीस मिळालं तेव्हा सगळीकडे गाजलं, पण त्याआधी त्यांनी ‘अँड व्हॉट इज द समर सेइंग’ नावाची छोटी फिल्म केलीय, २०१८ मध्ये बर्लिनला दाखवली गेली. भीमाशंकरजवळच्या कोंडवळ गावात शूट केलेली. एक माणूस झाडांवर मध शोधत फिरतोय, दुपार उतरतेय, आणि गावातल्या बायका आपल्या जुन्या प्रेमाबद्दल कुजबुजत सांगतात. इथं आवाज आणि चेहरा यांची गाठ सोडलीय. कोण बोलतंय ते दाखवत नाहीत, आणि म्हणूनच त्या बायका जे चारचौघांत कधी बोलल्या नसत्या ते बोलतात असं वाटतं. मुलाखत घ्यायची म्हणजे माणूस समोर बसवून, मागं झाड घेऊन, कॉलरला माइक लावून असं जे आपल्या डोक्यात पक्कं झालंय ते ही फिल्म मोडते. तुझ्या आजीचा आवाज असा रेकॉर्ड करून बघ, चेहऱ्यावर कॅमेरा नाही म्हटल्यावर माणसं किती वेगळं बोलतात! दुसरी उमेश कुलकर्णींची पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या (एफटीआयआय) दिवसांतली ‘गिरणी’, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली. एक्स्परिमेंटल म्हणावी अशी ती नाही, सरळ गोष्ट आहे, आईनं घरात गिरणी घेतलीय आणि पोराला तो आवाज सोसत नाही. पण डोळे मिटून ऐक एकदा. गिरणी कुठं सुरू होते, कुठं नुसती मागं घरघरते, कुठं थांबते आणि थांबल्यावर काय होतं, तेवढं लिहून काढलंस तर अख्खी पटकथा आवाजात मिळेल.

एका दिवसात हे सगळं बघून संपवू नकोस. आठवड्याला एक पुरे. पहिल्यांदा नुसती बघ, मोठ्या स्क्रीनवर, स्टुडिओचा मॉनिटर चालेल, कुणी नसताना. दुसऱ्यांदा आवाज बंद. तिसऱ्यांदा डोळे बंद, फक्त कान. मग फिल्म तुझ्या सॉफ्टवेअरच्या टाइमलाईनवर टाकून कुठला शॉट किती सेकंदाचा ते मोज, तुला याची सवय आहे, इतरांना हे कंटाळवाणं वाटतं. आणि मग त्या फिल्मनं जे सोडलं तेच सोडून देऊन एक मिनिटाची स्वतःची कर. एखादी मनाला भिडलीच नाही तर नको भिडू दे, पुढची लाव, मला स्वतःला ब्रॅकेजच्या सगळ्याच फिल्म काही आवडत नाहीत.

आता तुझ्या दोन फिल्म. मी त्या बघितल्या नाहीत, पण ‘पाणी वाचवा’ हे फिल्मचं नाव वाचल्यावरच प्रेक्षकाला सगळं कळलेलं असतं, मग त्यानं बघायचं काय? पाण्याबद्दलच करायची असेल तर संदेश सोड आणि पाणी ठेव. कृष्णा-कोयनेच्या संगमाच्या गावात राहतेस तू! प्रीतिसंगमावर पहाटेपासून अंधार पडेपर्यंत एकाच जागी कॅमेरा ठेवून दर तासाला एक मिनिट घे, धुणं धुणारी, दशक्रियेला आलेली, पोहणारी, सेल्फी काढणारी माणसं, पाणी तेच. ट्विस्टचं पण तसंच, शेवटच्या दहा सेकंदांसाठी आधीची आठ मिनिटं नुसती वाट बघायला लावत असशील तर ती आठ मिनिटं वाया जातात. ट्विस्ट पहिल्याच मिनिटात सांगून टाक आणि मग उरलेल्या वेळात काय करतेस ते बघ.

टेक्निकल एक सांगायचं राहिलं, फोनवर सेकंदाला २५ फ्रेमनं शूट करत असशील तर शटर एक पन्नासांशला लॉक कर, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, घरातल्या ट्यूबखाली पट्टे दिसतात ते त्यानं जातात. आणि आवाज फोनच्या माइकवर घ्यायचा असेल तर फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेव, चित्रासाठी दुसरा फोन.

राहिला तो मेल. भरू नकोस. फी घेणारे सगळेच फेस्टिवल फसवे असतात असं नाही, चांगल्यातले काही घेतात, पण आपणहून मेल पाठवून आधी बक्षिसाचं नाव सांगणारे आणि दर महिन्याला विजेते जाहीर करणारे यांच्यापासून लांब राहा. त्यांना उलट मेल टाक, स्क्रीनिंग कुठल्या थेटरात, किती तारखेला, ज्युरी कोण, मागच्या वर्षी काय दाखवलं. नीट उत्तर आलं नाही तर विषय संपला. त्यापेक्षा मुंबईचा मिफ हा डॉक्युमेंटरी-शॉर्टफिल्मचा फेस्टिवल, जो १९९० पासून होतोय, तिरुवनंतपुरमचा डॉक्युमेंटरी-शॉर्टफिल्म फेस्टिवल, प्रयोगवाल्या फिल्मसाठी बंगळुरूचा एक्स्परिमेंटा, यांच्या तारखा आणि नियम बघत राहा. पुण्यात आरभाट नावाची संस्था शॉर्टफिल्मवर मनापासून काम करते, जुन्या फिल्म जपणाऱ्या सरकारी फिल्म अर्काइव्हमध्येही स्क्रीनिंग असतात, कराडहून सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पाठवायच्या आधी एकदा तरी असं जाऊन अनोळखी लोकांमध्ये बसून फिल्म बघ, कुठं लोक खुर्चीत चुळबुळतात आणि कुठं एकदम गप्प होतात ते तुला एडिटच्या खोलीत कधी कळणार नाही.

ते सोळाशे रुपये बरे हेडफोन घ्यायला वापर, वायरवाले, कान पूर्ण झाकणारे. आणि व्हीएचएसची दोन मिनिटं झाली की मला पाठव, मी बघेन आणि जे वाटेल ते स्पष्ट लिहीन.

— ताई